बंदरावरचं अंदाजपत्रक

रत्नागिरीला मी ग्रामसेवक म्हणून रुजू झाले तेव्हा कचेरीतल्या एका वरिष्ठांनी मला गावाचं नाव सांगितलं, एस.टी. कुठून सुटते ते सांगितलं, आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाले, "गाव चांगलं आहे हो. फक्त सरपंचबाई जरा मोठ्यांदा बोलतात."

मी सांगलीकडची. आमच्याकडे घरातली भांडणंसुद्धा शेतं ओलांडून ऐकू जातात. मला वाटलं, हे काय सांगणं झालं? पण जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळपठारावरून, गाडी घाटीने खाली उतरली, खाडी दिसायला लागली, आणि गाडी थांबायच्या आधीच खालच्या बंदरावरून, माडांच्या शेंड्यांवरून एक आवाज आला. "बांगडा हाय, बांगडा! डोळे बगा त्याचे! तुमच्या नवऱ्यांचे तरी हायत काय असे?"

कंडक्टरने माझी पिशवी खाली दिली आणि म्हणाला, "त्या तुमच्या सरपंच."

बंदर म्हणजे काय, तर वाळूचा एक पट्टा, ओढून ठेवलेल्या होड्या आणि बर्फाच्या पेट्या. त्यात एका उलट्या क्रेटवर ती उभी होती. काळीसावळी, उंच, पदर खोचलेला, आणि नाकावर पुरुषी फ्रेमचा जाड चष्मा. तो तिच्या वारलेल्या नवऱ्याचा होता हे मला नंतर कळलं. त्याच्या नंबरचा आणि तिच्या डोळ्यांचा काही संबंध नव्हता. लांबचं बघायचं असलं की ती तो कपाळावर चढवायची, जवळचं बघायचं असलं की हातात धरायची.

मी माझी ओळख सांगितली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"म्हंजे तूच काय नवी भाऊसाहेब?"

आमच्या खात्यात ग्रामसेवकाला लोक भाऊसाहेब म्हणतात. बाई आली म्हणून तिने तो शब्द बदलला नाही. चारचौघांत मी कायम भाऊसाहेब राहिले, आणि तिच्या घरी, जिथे मी पुढे भाड्याने राहिले, 'गो बाय'. गाव तिला आत्ये म्हणायचं. मीही सुरुवातीला सरपंचबाई, अहो, आपण वगैरे करत होते. एकदा तिने मागे वळून बघितलं आणि विचारलं, "मागं कोन आलंय काय? अहो कुनाला म्हनतेस?" तेव्हापासून ती माझी आत्या झाली.

पंचवीस वर्षं ती त्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारत होती. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा गावच्या जाणत्या मंडळींनी तिला उभं केलं. हिशेब त्यांचा सरळ होता. बाई आवाजाने निवडून येईल, आणि मग दाखवू तिथे सही करील. चौथीपर्यंत शिकलेली. सही येत होती, बेरीज येत नव्हती.

बेरीज तिला शेवटपर्यंत आली नाही. पण सही कुठे करायची याबद्दल तिची मतं फार ठाम निघाली.

ग्रामपंचायतीच्या खोलीत, टेबलाशी बसून, दार लोटून तिने कधीच सही केली नाही. धनादेश असो, बिल असो, ती बाहेर ओट्यावर यायची आणि रस्त्याने जो कोणी जात असेल त्याला हाक मारायची. "ये रे, जरा हुबा ऱ्हा." तो बिचारा पावाची लादी घेऊन घरी चाललेला असायचा. मग मी त्याला सांगायचं, हे रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल आहे, इतके दिवे, अमक्या दुकानातून. तो मान हलवायचा. मग सही व्हायची. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, याची काही गरज नाही, कायद्यात असं काही नाही."

"सही म्हंजे लगीन," ती म्हणाली. "चोरून केला की पुडे भांडनं."

आत्याच्या या खुळापायी कामं रेंगाळायची. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, आणि आम्ही दोघी ओट्यावर साक्षीदाराची वाट बघत बसायचो. एकदा पोस्टमन सापडला, त्याला टपाल वाटायला उशीर झाला, वरच्या वाडीतल्या म्हातारीची मनिऑर्डर दुसऱ्या दिवसावर गेली, आणि तिने येऊन आम्हाला दोघींना शिव्या घातल्या. आत्याने त्या शांतपणे ऐकून घेतल्या. पण गावातल्या कुणालाही थांबवून विचारलं असतं की अंगणवाडीचं छप्पर कुणी शाकारलं, तर तो सांगू शकला असता. कुठल्या तरी सहीला तो उभा राहिलेला असायचाच.

चहाचंही तसंच. मी पहिल्यांदा चहा मागवला तेव्हा तिने कपाला हात लावण्याआधी विचारलं, "ह्यो चाय कुठच्या खात्यातला?"

"माझ्या पैशातला."

"मंग दे." घोट घेऊन म्हणाली, "साकर कमी घातलीन."

ग्रामसभा हे आमच्या खात्यातलं एक जुनं दुखणं आहे. सभेला ठरावीक माणसं हजर असावी लागतात. ती येत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेतली की तिला माणसांची अट नसते. त्यामुळे गावोगाव पहिली सभा रिकामी जाते, दुसऱ्या सभेत पाच-सात जण चहा पितात, आणि वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर होतं. गावात पैसा किती आला, कशावर जाणार, हे गावाला कधी कळतच नाही. यात लबाडी असतेच असं नाही. बहुतेक वेळा नुसता कंटाळा असतो.

आत्याला तहकूब हा शब्द कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिने चष्मा काढला.

"म्हंजे लोकं आली नायत म्हनून लोकांशिवाय करायचा?"

"हो. तशी सोय आहे."

"सोय कुनाची?"

ती म्हणाली, "लोकं मासळीला येतात ना? मंग पैशे मासळीकडं नेऊ."

आणि तिने नेले. थंडी सरत आली होती. सकाळी होड्या लागल्या, पाट्या उतरल्या, बायका गोल करून बसल्या, बर्फवाला आला, टेम्पोवाले आले. आत्या क्रेटवर चढली आणि लिलाव पुकारायच्या आधी तिने माझ्या हातातला कागद घेतला. मासळी समोर ठेवून कुणाला उठून जाता येईना. तिने गावाचं अंदाजपत्रक वाचायला सुरुवात केली.

ते वाचणं मी कधी विसरणार नाही. तोंडी भावात ती कधी चुकायची नाही, पण कागदावरचा आकडा आला की तिची पंचाईत व्हायची. हजाराचे लाख व्हायचे, लाखाचे शंभर. पहिल्याच ओळीला तिने घरपट्टीचं उत्पन्न असं काही सांगितलं की सगळं बंदर हसलं. मोहल्ल्यातले एक चाचा होते, कुवेतमध्ये दुकान सांभाळून परत आलेले. ते छत्रीखालून ओरडले, "आत्ये, एवढे असते तर आपन दुबई झालो असतो! एक शून्य कमी कर!" ती म्हणाली, "तुमी करा, चाचा," आणि पुढचा आकडा वाचला. तोही चुकला. मग लोक प्रत्येक आकड्याला कान द्यायला लागले, कारण तिची चूक पकडण्यात मजा होती. पुढेपुढे मला संशय यायचा की ती मुद्दाम चुकते. एकदा विचारलंसुद्धा. ती खरोखरच दुखावली. "मुद्दाम कशाला? मना येत नाय म्हनून चुकते."

निधी दोन तऱ्हेचा असतो. बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायचा, आणि अबंधित. मी तिला रात्री समजावून सांगितलं होतं, तिने ते बंदरावर आपल्या भाषेत सांगितलं. "हे बांधलेले पैशे. पान्यासाठी नि स्वच्छतेसाठी. जाळा घ्यायला दिलेल्या पैशांची दारू प्यायची नाय. आनि हे सुटे. ह्यांचा काय करायचा ते सांगा."

मग ती एकेक खातं पुकारत गेली. एका ठिकाणी ती वाचून गेली की उत्पन्नातला अमुक हिस्सा अपंगांसाठी असतो. जाळी विणणारा एक माणूस होडीच्या सावलीत बसलेला होता, त्याचा एक पाय लहानपणीच गेलेला. त्याने विणायची सुई खाली ठेवली.

"आत्ये, परत वाच."

तिने परत वाचलं.

"म्हंजे माजा?"

"तुजा नि त्या वरच्या वाडीतल्या पोरीचा, नि आजून कोन असंल त्याचा."

"दर वर्साला असतो ह्यो?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पुढे त्याला तीनचाकी सायकल मिळाली, पण मला सायकल आठवत नाही. त्याने सुई खाली ठेवली ते आठवतं.

त्या सकाळी सुट्या पैशांचं काय करायचं ते बायकांनी ठरवलं. बंदरावरून गावात चढायला जांभ्याची घसरडी घाटी होती. डोक्यावर पाटी घेऊन पावसाळ्यात ती चढायची म्हणजे जीव मुठीत. बायका म्हणाल्या, पायऱ्या. आत्याने लिलावासारखं पुकारलं, "पायऱ्या एक वार, पायऱ्या दोन वार, कुनाची हरकत?" कुणाची नव्हती. मग आम्ही रीतसर सभा घेतली, ठराव लिहिला. सभेला इतकी माणसं आली की बसायला जागा नव्हती. गावाने स्वतःच्या तोंडाने मागितलेलं ते पहिलं काम.

मी तिच्याच घरात मागच्या पडवीत भाड्याने राहत होते. मला मासे खाता येत नव्हते, काट्यांची भीती. ती समोर बसून माझ्यासाठी बांगडा सोलायची आणि चेष्टा करायची. "सांगलीवाल्यांना देवानं ऊस दिलान, त्यात काटा नाय." घरात तिचा मुलगा आणि सून होती. मुलगा माझ्याच वयाचा. आईसारखा उंच, पण अबोल. त्याची स्वतःची होडी होती आणि तिच्या इंजिनावर त्याचा फार जीव. आईशी त्याचं बोलणं बहुतेक जेवणाच्या ताटावर व्हायचं. "भात?" "पुरे." पण ती बंदरावर पुकारायला लागली की हातातलं काम थांबवून तो ऐकत उभा राहायचा, हे मी कितीदा तरी पाहिलं होतं.

पावसाळ्याआधी पायऱ्या झाल्या. नारळीपौर्णिमेला होड्या परत पाण्यात गेल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मधल्या पायऱ्या ढासळल्या. एक म्हातारी मासळीवाली पाटीसकट पडली. मनगट मोडलं.

आत्या आणि मी गेलो. तिने छत्रीचं टोक पायरीत खुपसलं, ते ओल्या भातात जावं तसं आत गेलं. तिने मूठभर काँक्रीट उचलून चुरडलं. त्यात बारीक शिंपल्या होत्या.

"दर्याची वाळू," ती म्हणाली. खारी वाळू बांधकामाला चालत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

ठेकेदार शहरातला होता. त्याला फोन लावणार तेवढ्यात काम केलेला गवंडी तिथे आला. तो आमच्या पुढे उभा राहिला, आणि त्याला सांगवेना. शेवटी म्हणाला, "आत्ये, ठेकेदारानं नुसता नाव दिलान. काम तुमच्या पोरानं घेतलान. नवा इंजिन घ्यायचा होता त्याला. वाळू त्याच्याच होडीतून आली."

आत्याने हात झाडले आणि घरी गेली. मी मागोमाग.

मुलगा अंगणात इंजिनाचे भाग पुसत बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"पायऱ्या तू बांधल्यास?"

तो लगेच म्हणाला, "व्हय." खोटं बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूने नेहमी धरते. मग म्हणाला, "कागदावर माजा नाव नाय."

"दर्या काय कागद वाचतो?"

सून दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

संध्याकाळी मी आत्याला समजावलं. बिलाचे पैसे अजून द्यायचे होते. ठेकेदाराला नोटीस काढू, त्याच्याकडूनच पायऱ्या पुन्हा बांधून घेऊ. गावाचं काही जाणार नाही, सगळं नियमात बसतं.

"त्या नोटिशीत माज्या पोराचा नाव असंल?"

"नाही. ठेकेदाराचं."

"मंग लोकांना काय सांगू, पायऱ्या कोनी खाल्ल्यान?"

मी तिला स्पष्ट सांगितलं. सरपंचाच्या घरच्या माणसाने पंचायतीचं काम घेतलं असं उघड झालं तर कुणीही तक्रार करील. पद जाईल. ती जेवली नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मासळी झाकली की समजायचा, नासली."

सकाळी होड्या लागल्या. तिचा मुलगाही आला होता, पाटी खांद्यावर. आत्या क्रेटवर चढली. तिच्या हातात कागद नव्हता.

"पायऱ्या पडल्या," ती म्हणाली. "खारी वाळू वापरली म्हनून पडल्या. काम दुसऱ्याच्या नावावर होता, केलान माज्या पोरानं. मना ठाऊक नव्हता. आता हाय. पैशे दिलेले नायत, देनार नाय. मोडलेल्या हाताचा खर्च माज्या घरातून. कुनाला काय इचारायचा असंल तर इचारा."

चाचांनी छत्री मिटली. मुलाने पाटी वाळूत ठेवली आणि तो निघाला. पायऱ्यांवरून नाही, बाजूच्या खडकांतून चढत वर गेला. दुपारी त्याने होडी काढली आणि शहरातल्या मिरकरवाड्याच्या बंदराकडे नेली. सून दाभोळला माहेरी गेली. घरात आत्या आणि मी, दोघीच उरलो.

ती चुकली का? मला अजून ठरवता येत नाही. आता मलाही मुलगा आहे. कधी वाटतं, आधी त्याला घरात दोन दिवस द्यायचे होते, त्याने स्वतःच येऊन सांगितलं असतं. कधी वाटतं, ते दोन दिवस दिले असते तर तिसराही दिला असता.

तक्रार झालीच. उपसरपंचांनी केली. ते काही वाईट गृहस्थ नव्हते, संधी आली ती त्यांनी घेतली. जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी लागली. आत्या जरीकाठाची साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून आली, लग्नाला आल्यासारखी. दप्तर घेऊन मला हजर राहावं लागलं. तिच्या वकिलांनी तिला एकच वाक्य पढवलं होतं: काम दिलं तेव्हा मला माहीत नव्हतं. ते खरंही होतं, आणि तेवढ्यावर ती बहुधा सुटलीही असती.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "मना ठाऊक नव्हता, साहेब."

वकिलांनी सुस्कारा टाकला. साहेब लिहून घ्यायला लागले. खरं सांगायचं तर त्यांचाही चेहरा सैलावला.

"पन ठाऊक असायला पायजे होता," आत्या पुढे म्हणाली. "तो माज्या ताटात जेवतो."

वकिलांनी डोळे मिटले. साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे ना? पुढचं नाही लिहीत मी."

"लिवा की," ती म्हणाली. "गावाला सांगून झालाय. तुमच्यापासून काय लपवायचा?"

निकाल काही आठवड्यांनी आला, पण तिचं पद त्या दिवशीच गेलं होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, मिरकरवाड्याला जाऊन येऊ. मला वाटलं मासळी घ्यायची असेल. बंदरावर ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या गाड्या, ओरडाआरडा, पायाखाली चिखल. ती कशालाच थांबली नाही. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. समोर एका ट्रॉलरवर तिचा मुलगा बर्फाच्या लाद्या उतरवत होता. स्वतःची होडी विकून तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी लागला होता, हे आम्हाला तेव्हा तिथे कळलं. अंगात फाटका बनियन. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"हाक मार ना आत्या," मी म्हटलं.

ज्या बाईची हाक खाडीच्या पलीकडे जायची ती पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती.

"नको. कामात हाय."

बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "बारीक झालाय." परतीच्या गाडीत वळेसर काढून तिने मांडीवर ठेवला होता.

पद गेल्यावर ती पुन्हा लिलाव पुकारायला लागली. नवी निवड होईपर्यंत कारभार उपसरपंचांकडे आला. अंदाजपत्रकाची वेळ आली, सभा नेहमीसारखी रिकामी गेली, तहकूब झाली. मी दुसऱ्या सभेची नोटीस लिहायला घेतली, तर बंदरावरून निरोप आला की बायका पाट्या उघडत नाहीत. उपसरपंच आणि मी धावत गेलो. आत्या क्रेटवर नव्हती. ती बायकांत मागे बसली होती. पुढे बसलेल्या बायकांनी उपसरपंचांना सांगितलं, आधी गावाचं वाच, मग मासळी. त्यांनी कागद घेतला आणि खालच्या आवाजात सुरुवात केली. लगेच मागून आरोळी आली, "ऐकू नाय येत!" त्यांनी आवाज वाढवला. "आजून नाय येत!" शेवटी त्यांना क्रेटवर चढावं लागलं. घामाने त्यांचा सदरा भिजला. पण आकडे त्यांनी बरोबर वाचले, त्यामुळे कुणाला मजा आली नाही.

पायऱ्या दुसऱ्या ठेकेदाराने पुन्हा बांधल्या. त्या अजून आहेत.

मग माझी बदली झाली, देशावर, घरापासून जवळ. सगळे म्हणाले नशीबवान आहेस. आता सगळं सोपं आहे. गावाचं अंदाजपत्रक संगणकावर चढवलं की जगात कुणालाही दिसतं. भिंतीवर फलक लागतो. मोबाईलवर बोट लावलं की प्रत्येक पैसा कुठे गेला ते कळतं. वाईट काहीच नाही यात. पण बघायला कुणी येत नाही, आणि चुकलं तर कुणी हसत नाही. फेब्रुवारी लागला की मी दुपारी रिकाम्या कचेरीत बसून खाती टाइप करते, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, महिला व बालकल्याण, आणि ते शब्द मला तिच्याच तोंडून ऐकू येतात. मग मला काही सुचत नाही. शिपाई विचारतो, मॅडम, चहा आणू का? मी नको म्हणते.

आत्या गेली त्याच्या महिनाभर आधी तिच्या मुलाचा मला फोन आला. माझा नंबर त्याच्याकडे कसा हेही मला माहीत नव्हतं. आईला रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात ठेवलंय, म्हणाला. मी आंबा घाट उतरून गेले.

वॉर्डच्या बाहेर तोच भेटला. कानाशी केस पांढरे झालेले. आई आजारी पडल्याचं कळल्यावर बायकोला, मुलांना घेऊन तो परत घरी आला होता. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. तो म्हणाला, "तिना मना घरात सांगितलान असता ना, तर मी हातानं फोडून परत बांधल्या असत्या पायऱ्या."

"तिला ते माहीत होतं," मी म्हटलं.

"तेच तर," तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला.

आत ती खाटेवर होती. एवढी उंच बाई, चादरीखाली कुठे गेली होती कळेना. आवाज तर इतका बारीक झालेला की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"भाऊसाहेब," ती म्हणाली. "आता कुठं असतेस?"

मी माझ्या गावाचं नाव सांगितलं. ते तिने कधी ऐकलेलं नव्हतं, ऐकायचं कारणही नव्हतं.

"काय आला औंदा त्या गावाला?"

मी आधी हसले. मग सांगायला लागले, कारण अंदाजपत्रक नुकतंच तयार करून आले होते आणि मला ते पाठ होतं. घरपट्टी किती, बाजाराचा कर किती, बांधलेले किती, सुटे किती. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच ओठ हलायचे.

"पानी?"

"टाकी गळते. दुरुस्ती धरली आहे."

"आंगनवाडी?"

"फरशी बसवायची आहे."

"रस्ता धरलायस?"

"धरलाय एक."

"कुनाच्या दारातून जातो?"

मी नाव सांगितलं, एका सदस्याचं. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटला. शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून ऐकायला लागली होती.

सगळं सांगून झालं तेव्हा मला वाटलं तिला झोप लागली. मी तिचा हात धरून बसले होते.

"हा समदा त्यांना सांगितलास?"

"कुणाला?"

"गावाला."

"पुढच्या आठवड्यात सभा आहे, आत्या."

तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"मंग मना कशाला आदी सांगतेस? जा. गाडी चुकंल."

मी उठले. दारापाशी जाऊन वळून पाहिलं. तिचा मुलगा तिची उशी सारखी करायला वाकला होता. तिने त्याची मान धरून त्याला आणखी खाली ओढलं होतं, आणि त्याच्या कानात ती काहीतरी सांगत होती. काय, ते मला ऐकू आलं नाही.